माळ्यावरचा राजा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये मी मुलांकडून गोष्टी लिहून घेते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबणाऱ्या मुलांना घेऊन बसायचं, कधी वर्गात, कधी पारावर. विषय मोकळा सोडला की बहुतेक वह्यांत एकच गोष्ट उतरते. एक गरीब मुलगा असतो, त्याला गावात कुणी विचारत नाही. एके दिवशी कुठूनसा म्हातारा बैरागी येतो, त्याच्या दंडावरची खूण बघतो आणि सांगतो, "बाळ, तू साधासुधा नाहीस." कुणी 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचलेलं असतं, कुणाला 'बाहुबली' तोंडपाठ असतो, कुणी दोन्हींतलं काहीच पाहिलेलं नसतं, तरी गोष्ट तीच.

मोठी माणसं हे वाचून हसतात. मला मात्र ही गोष्ट फार मोलाची वाटते. जतकडची एक मुलगी, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेली आणि वर्ष संपता संपता शाळेत परतलेली, वहीत लिहिते की 'तिने हात लावला की दगड बोलायचा'. ती उगीच भरारी मारत नाही. माझ्याकडे बघा, असं ती जगाला सांगत असते. ते सांगणं नीट उतरावं म्हणून या वर्गांत आणि माझ्या स्वतःच्या लिहिण्यात जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. ही गोष्ट आपल्याच रानातली आहे

निवडलेल्या मुलाची गोष्ट विलायतेतून आली, असं मुलांना आणि पुष्कळ शिक्षकांनाही वाटतं. म्हणून मी सुरुवात सिंहासन बत्तिशीने करते. मराठीत छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत ती आहे. सेरामपूरच्या छापखान्यात १८१४ साली ती मोडी लिपीत छापली गेली.

एका ब्राह्मणाचं शेत असतं. पीक राखायला त्याने रानात माळा बांधलेला. भोज राजा लवाजम्यासह शेजारून जातो, तर माळ्यावरचा ब्राह्मण हाका मारतो: या, आत या, हवं तेवढं खा, घोड्यांनाही घाला. लोक रानात शिरतात. तेवढ्यात पाखरं उठवायला ब्राह्मण खाली उतरतो आणि ओरडायला लागतो: अरे, लुटलं मला, काढा ही जनावरं बाहेर! पुन्हा वर चढतो, पुन्हा उदार होतो. राजाला नवल वाटतं. तो स्वतः वर चढून बघतो, तर त्याच्याही मनात सगळं दान करून टाकावंसं येतं. मग जमीन खणतात आणि खाली विक्रमादित्याचं सिंहासन निघतं.

माण-खटावच्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. शाळू पोटऱ्यातून बाहेर पडून दाणा धरायला लागला की त्यांच्यातली कितीतरी सुट्टीच्या दिवशी माळ्यावर असतात. चार मेढी, वर आडव्या फळ्या, त्यावर कडबा, हाताशी खड्यांची रास आणि गोफण. वर उभं राहिलं की आपलं रान, शेजारचं रान, ओढा, लांबची वाडी असं सगळं एकदम दिसतं. खाली उतरलं की ताटांपलीकडचं काही दिसत नाही. एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, म्हणजे तो वर गेल्यावर मोठा व्हायचा का त्याला वरनं जास्त दिसायचं?" त्या प्रश्नावर अख्खा तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

या गोष्टीत रक्ताची खूण नाही. त्या जागेवर उभा राहील तो तेवढ्यापुरता राजा, आणि ते राजेपण देण्याच्या इच्छेवरून ओळखायचं. पुढे भोज सिंहासनावर बसायला जातो तेव्हा बत्तीस पुतळ्या त्याला एकेक करून अडवतात आणि विक्रमाची एकेक कथा सांगून विचारतात, तू असा आहेस का? तर बस. आपल्या नायकाला शक्ती मिळाल्या मिळाल्या असं विचारणारं कुणी गोष्टीत आहे का, हे मी आता प्रत्येक वहीत शोधते. नसेल तर वही परत.

२. खूण दाखवण्याआधी ओळख पटवणारा ठरवा

बैरागी येतो आणि सांगतो, की तू राजपुत्र आहेस. पण त्या बैराग्याचं काय? त्याला काय हवं आहे? हे मुलांच्या मनात येत नाही, आणि मोठ्या लेखकांच्याही फारसं येत नाही. साताऱ्याच्या पोरांना मी अजिंक्यतारा गडाकडे बोट करून सांगते, की अशी एक खरी गोष्ट तुमच्या डोक्यावर घडली आहे.

छत्रपती शाहू महाराजांना पुत्र नव्हता. गादीचं काय, याची चिंता सगळ्या साताऱ्याला. तेव्हा राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई पुढे आल्या आणि त्यांनी सांगितलं, की माझा नातू जिवंत आहे. १७१४ साली पन्हाळ्यावर उलथापालथ झाली आणि ताराबाई आपल्या मुलासह कैदेत पडल्या. त्या मुलाचा मुलगा जिवाच्या भीतीने लपवला होता, नाव झाकून, आडबाजूला वाढवला होता. तोच हा रामराजा. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले आणि जानेवारी १७५० मध्ये रामराजे साताऱ्याच्या गादीवर बसले. ज्याला काल कुणी ओळखत नव्हतं तो आज छत्रपती! मुलांच्या वह्यांत गोष्ट नेमकी इथे संपते.

खरी गोष्ट इथून सुरू होते. ओळख पटवायची कशी? नागपूरकर रघुजी भोसल्यांची मागणी होती, की ताराबाईंनी भाऊबंदांसमोर रामराजांबरोबर जेवावं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझा नातू म्हणून सांगावं. कागद नाही, दंडावरची खूण नाही. एक ताट आणि एका आजीचा शब्द. त्या शब्दावर राज्य उभं राहिलं. पण ताराबाईंना नातवाच्या हातून पेशव्यांना बाजूला सारायचं होतं आणि नातू ऐकेना. २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या निमित्ताने गडावर बोलावून, त्यांनी रामराजांना तिथेच कैद केलं. आणि म्हणाल्या, हा माझा नातू नव्हेच, हा कुणी गोंधळी आहे. १७५२ साली त्यांनी जेजुरीला खंडोबापुढे तशी शपथही घेतली.

ज्या तोंडाने 'तू राजा' म्हटलं त्याच तोंडाने 'तू कुणी नाहीस' म्हटलं. रामराजे खरे की तोतये, यावर पुढे पुष्कळ खल झाला. ते १७७७ पर्यंत नावाला छत्रपती राहिले. ताराबाईंना मी मुलांसमोर दुष्ट आजी म्हणून उभं करत नाही. औरंगजेबाशी वर्षानुवर्षं झुंजलेली, आयुष्याचा मोठा भाग कैदेत आणि नजरेखाली काढलेली ती बाई तेव्हा पंचाहत्तरीला आली होती. तिच्या बाजूनेही लिहून बघा, असं सांगते. पण माझं मन जातं ते गडावरच्या कोठडीतल्या त्या तरुण माणसाकडे. लहानपणी त्याला सांगितलं, की तू कोण आहेस हे विसर. मोठेपणी सांगितलं, की तू राजा आहेस. मग सांगितलं, की तू खोटा आहेस. या तिन्ही वेळा त्याला स्वतःला कुणी काही विचारलं असेल का?

त्याच्या नावाने एक पत्र लिहा, असं मी एकदा सातवीच्या वर्गाला सांगितलं. एका मुलाने पत्र आजीला न लिहिता, ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला त्या घरातल्या बाईला लिहिलं. त्यात राज्याचा उल्लेख नव्हता. 'आपली तांबडी गाय व्याली का' असं विचारलं होतं. निवडलेल्या माणसाचं अंतरंग यापेक्षा नेमकं लिहिलेलं मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

३. कौल चारचौघांत लागतो

वाईजवळच्या बावधनचं बगाड बघायला गेलात तर गर्दी रंगपंचमीला असते. मला त्याच्या काही दिवस आधीची एक रात्र महत्त्वाची वाटते. बगाड्या, म्हणजे नवस फेडायला बगाडावर चढणारा माणूस, कोण होणार, हे होळी पौर्णिमेच्या रात्री भैरवनाथाच्या देवळात कौल लावून ठरतं. नवस बोललेली माणसं तिथे बसलेली असतात. कुणी शेतकरी, कुणी नोकरी सांभाळून आलेला. कौल ज्याच्या नावाने येईल तो बगाड्या. मग कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत खिल्लारी बैल त्याचं बगाड, म्हणजे त्याला उंचावर टांगलेला लाकडी गाडा, ओढत आणतात. त्या दिवशी तो गावाचा असतो. नंतर पुन्हा आपल्या घरी जातो, शेताला पाणी पाजतो.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. गोष्ट लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे, की निवड एकांतात होत नाही. निवड न झालेलेही तिथेच बसलेले असतात आणि रंगपंचमीला तेच बैल जुंपायला येतात. मुलांच्या गोष्टींत निवड न झालेला मित्र एकतर खलनायक होतो नाहीतर पुढच्या पानावर गायब. त्याला गोष्टीत ठेवा, असं मी सांगते. कितीतरी वेळा वाचताना माझा जीव त्याच्यातच अडकतो.

४. वाटखर्च लिहा

पाताळातून मणी आणायला निघालेल्या नायकाची गोष्ट कऱ्हाड भागातल्या एका मुलाने लिहिली होती. पहिल्या पानावर घर, दुसऱ्या पानावर पाताळ. मी विचारलं, "फडक्यात भाकरी कुणी बांधून दिली?" तो गप्प. मग मी त्याला त्याच्या शेजारच्या गावची गोष्ट सांगितली.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जन्म १९२६. वडील पैलवान, घर साधं, कुस्ती लाल मातीतली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवर खेळायची सवय नव्हती, तरी सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी दिले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. कऱ्हाडला उतरल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

खाशाबांच्या अंगात विद्या होती, याबद्दल वादच नाही. पण गहाणखतावर सही करताना त्या प्राचार्यांचा हात थांबला असता तर? चमत्काराच्या गोष्टीत अशी सही करणारा माणूस हवाच. त्याच्याकडे जादू नसते. त्याच्याकडे घर असतं आणि ते तो पणाला लावतो.

आणि परतल्यानंतरचं? खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणुकीनंतरची एवढी वर्षं कुठल्या परीकथेत येतात? माझ्या मते यायला हवीत. सगळ्या जगाला वाचवून आलेल्या मुलीला सोमवारी शाळेत गणिताचा पेपर असतोच, आणि बाजूच्या बाकावरची तिच्याकडे कशी बघते, हा खरा दुसरा भाग आहे.

तो पाताळवाला मुलगा पुढच्या शनिवारी गोष्ट पुन्हा लिहून घेऊन आला. आता त्यात नायकाच्या आत्तीने शेळी विकली होती. बाजारात शेळी सोडताना तिने दावं मात्र परत मागून घेतलं, आणि तेच दावं तिने नायकाच्या कमरेला बांधलं. पाताळात उतरायला दोर लागतो ना!

५. साधेपण लवकर उतरवू नका

मुलांना घाई असते. पहिल्या परिच्छेदातला फाटका सदरा दुसऱ्या परिच्छेदात सोन्याचं चिलखत होतो. मला वाटतं, साधं दिसणं हीच एक मोठी शक्ती आहे आणि ती वापरून घ्यावी.

१९४३ सालची गोष्ट. इंग्रज राजवटीविरुद्ध उभं राहिलेलं साताऱ्याचं प्रतिसरकार ऐन भरात होतं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत, आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. भवानीनगरच्या पोलीस ठाण्याबाहेर एक नवरा बायकोला मारहाण करतोय, दगड उचलून जीव घ्यायची भाषा करतोय, ती आकांत करतेय. पोलीस सोडवायला बाहेर धावले. तेवढ्यात मागच्या मागे प्रतिसरकारच्या बाकीच्या माणसांनी ठाण्यातली हत्यारं उचलली. नवरा खरा नवरा नव्हता आणि भांडणही खरं नव्हतं. ती बाई होती क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाताई. मार मात्र थोडा खरा बसला, कारण सोंग खरं वाटायला हवं होतं.

रस्त्यात मार खाणारी बाई इतकी ओळखीची, की तिच्यात दुसरं काही असेल अशी शंकाच कुणाला आली नाही. हौसाताईंनी ज्या बाईचं सोंग घेतलं तशा बाया खरोखरच होत्या, आजही आहेत, म्हणून ते सोंग चाललं. मुलींच्या वर्गात ही गोष्ट सांगून झाली की थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग वह्या उघडतात आणि त्या दिवशीच्या गोष्टींतल्या मुली पाणी भरतात, धाकट्याला कडेवर घेतात, शेण काढतात आणि ते करता करताच शत्रूच्या गोटात जाऊन येतात. त्यांना कुणी अडवत नाही.

६. नायकाला 'नको' म्हणता यावं

हे थोडक्यात सांगते, कारण यावर शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून मराठी घराघरांत पुरेसं बोलून ठेवलं आहे. युद्धाच्या तोंडावर कृष्ण कर्णाला सांगतो, की तू सूतपुत्र नाहीस, पांडवांतला थोरला आहेस. राज्य तुझं आहे. कर्ण नाकारतो. राधा आणि अधिरथ हेच माझे आईबाप, म्हणतो. आणि हे युधिष्ठिराला सांगू नकोस, अशी गळ घालतो, कारण त्याला कळलं तर तो राज्य माझ्या हवाली करेल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. आपण कोण आहोत हे कळल्यावर इतका पुढचा विचार करणारा नायक मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीत भेटलेला नाही. बारा वर्षांच्या मुलांनाही तो कळतो. चर्चेत सगळ्यात जास्त आवाज चढतात ते इथे.

७. शक्तीला वरच्या अंगाचीही माणसं असतात

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. त्यानंतर कितीतरी दिवस मुलांच्या गोष्टींत बैरागी, राजपुत्र, मणी काही आलं नाही. आली ती फक्त नदी अडवणारी मुलं. कुणी हात आडवा धरून पाणी थांबवायचं, कुणी एका दमात पिऊन टाकायचं. मी त्या गोष्टींना हात लावला नाही. आधी लिहून होऊ द्यावं, असं वाटलं.

पुढे एका पावसाळ्याच्या तोंडावर मिरज तालुक्यातल्या एका शाळेत अशीच एक गोष्ट वाचून झाली. नायिका घाटावर उभी राहते, तळवा पुढे करते, कृष्णा जागच्या जागी थांबते. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "पण मग ते पाणी ऱ्हाणार कुठं? माझी मावशी कऱ्हाडला असती." वर्ग एकदम जागा झाला. सांगलीत थांबवलं तर कऱ्हाडला कोयना-कृष्णेचं पाणी तुंबणार. पुढे ढकललं तर शिरोळ, त्याच्या पुढे कर्नाटक. प्यायलं तर उन्हाळ्यात जतला काय? एक मुलगा म्हणाला, जतकडे फेकायचं! त्यावर बराच वेळ हिशेब चालला, कारण मध्ये चढ आहे, आणि नायिकेच्या अंगात पाणी चढवायचं बळ किती हे गोष्टीत लिहिलेलंच नव्हतं.

जिची गोष्ट होती तिने आठवड्याने ती बदलून आणली. आता नायिका पाणी थांबवत नाही. तिला पाणी चढायच्या आधी ऐकू येतं, इतकंच. ती दारोदार सांगत फिरते आणि लोक म्हणतात, २००५ ला इथवर आलं नव्हतं, आताही येणार नाही. एक आजोबा म्हशी सोडून निघायला तयार नाहीत. त्यांच्याशी तिचं जे बोलणं होतं ते दोन पानं चालतं आणि त्यात जादू कुठेच नाही. ती हात जोडते, रागावते, शेवटी म्हशींचं दावं स्वतःच सोडते.

या गोष्टीचा दुसरा भाग आता वर्ग मिळून लिहितो आहे. त्यात ती कोयना धरणावर जाणार आणि तिथल्या साहेबांना भेटणार. काय विचारायचं त्याची यादी फळ्यावर झाली आहे: दरवाजे किती फूट उघडले की आमच्या गावात पाणी किती वेळाने येतं, रात्री उघडायचे असतील तर आम्हाला कोण उठवतं, आणि पाणी ऐकू येणाऱ्या मुलीचं म्हणणं तुम्ही कुठल्या वहीत लिहून घेता.